पाककृती येते कुठून?

१९१० साली लक्ष्मीबाई धुरंधर यांचं ‘गृहिणी-मित्र’ हे पाकशास्त्राचं पुस्तक निघालं, तेव्हा आत काय आहे ते नावाला जोडूनच सांगितलं होतं : एक हजार पाकक्रिया. हा हजाराचा आकडा थोडा थांबून पाहण्यासारखा आहे. त्या काळच्या कुठल्याही एका घरात रोजच्या आमट्या-भाज्या, सणावाराची पक्वान्नं, उपासाचे पदार्थ, श्राद्धाचा स्वयंपाक, लोणची, पापड, सांडगे आणि आजाऱ्याची पेज असं सगळं धरलं, तरी वर्षभरात फार तर दीड-दोनशे पदार्थ होत असतील. मग उरलेले आठशे कुणासाठी होते? आपल्या घरात जे शिजतं तेवढंच टिपून ठेवायचं असतं, तर एवढं जाड पुस्तक लागलंच नसतं. हे पुस्तक विकत घेणाऱ्या बाईला दुसऱ्या घरात काय शिजतं ते हवं होतं. मराठी पाकपुस्तकांचा सगळा इतिहास मला याच आठशे पदार्थांचा इतिहास वाटतो. मराठी घरात पाककृतीचं पुस्तक आईच्या जागी आलं असं म्हणायची पद्धत आहे. ते खरं तर शेजारणीच्या जागी आलं.

स्वयंपाक आईकडून मुलीकडे जातो, एकत्र कुटुंबं मोडली, मुली शिकायला-नोकरीला बाहेर पडल्या आणि ती साखळी तुटल्यावर पुस्तकांची गरज लागली, ही कथा आपण इतक्या वेळा ऐकली आहे की तिच्यावर शंका घ्यावीशीच वाटत नाही. पण एकोणिसाव्या शतकातल्या पांढरपेशा घरातली मुलगी आईजवळ किती काळ असायची? संमतिवयाचा कायदा १८९१ मध्ये झाला तेव्हा वयाची मर्यादा दहावरून बारावर नेण्यावरून केवढं रण माजलं होतं. लग्नासाठी चौदा वर्षांची अट घालणारा शारदा कायदा यायला १९२९ साल उजाडलं. आठव्या-नवव्या वर्षी लग्न झालेली मुलगी माहेरी भातुकली खेळत असायची. चुलीपुढे बसायला ती शिकली सासरी, आणि शिकवणारी होती सासू, जाऊ, घरातली एखादी आश्रित विधवा आत्या. म्हणजे पहिला धडाच परक्या घरात मिळत होता. आमटीत गूळ किती, वाटणात खोबरं ओलं की सुकं, चिंच की आमसूल, हे सगळं माहेरचं विसरून पुन्हा शिकायचं होतं. त्यानंतर वाड्यात किंवा चाळीत बिऱ्हाड केलं की शेजारणी भेटत. शेजारून आलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही या रीतीमुळे पदार्थ भिंतीपलीकडे आणि तिथून परत असे सतत फिरत राहत. पाककृतीचा प्रवास पिढीजात कमी आणि या घरातून त्या घरात जास्त, असाच होता.

राजेरजवाड्यांच्या आश्रयाने लिहिलेली पाकशास्त्रं या हिशेबात धरता येत नाहीत. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लासा’त, म्हणजे बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात, अन्नभोगाचं सविस्तर प्रकरण आहे. सतराव्या शतकात रघुनाथ गणेश नवहस्त या पंडिताने संस्कृतात ‘भोजनकुतूहल’ लिहिलं. समर्थ रामदासांशी स्नेह असलेला आणि तंजावरच्या एकोजीराजांची राणी दीपाबाई हिचा आश्रय लाभलेला हा माणूस. प. कृ. गोडे यांनी या ग्रंथाचा काळ निश्चित केला आणि त्यातल्या पदार्थांच्या नोंदींकडे अभ्यासकांचं लक्ष वेधलं. सरफोजीराजांच्या काळातलं ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ही तंजावरचंच. मराठी खाद्यसंस्कृतीच्या अभ्यासाला हे ग्रंथ फार मोलाचे आहेत. पण त्यांचा वाचक राजा होता, वैद्य होता, मुदपाकखान्याचा कारभारी होता. पदार्थाच्या गुणदोषांवर, पथ्यापथ्यावर त्यांचा भर आहे. उद्या घरी काय करू, असं विचारणारं कुणी त्यांच्या डोळ्यांसमोर नव्हतं.

तसा वाचक समोर ठेवणारं मराठी पुस्तक छापखान्यातून आलं ते १८७५ मध्ये, रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं ‘सूपशास्त्र’. हे साल नीट ध्यानात धरायला हवं, कारण त्यानंतर पंधरा वर्षांनी पुण्यात काय घडलं ते आपल्याला माहीत आहे. १८९० च्या ऑक्टोबरात पंचहौद मिशनमध्ये एका कार्यक्रमाला शहरातली बडी मंडळी जमली, तिथे चहा-बिस्किटं पुढे आली, कुणी घेतली, कुणी नुसती हाती धरली. गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावं ‘पुणे वैभव’ मध्ये छापून आणली आणि प्रकरण ग्रामण्यापर्यंत, थेट शंकराचार्यांपर्यंत गेलं. टिळकांसारखा माणूस त्यात अडकला आणि रानड्यांना पुढे प्रायश्चित्त घ्यावं लागलं. एक पेला चहा माणसाला जातीबाहेर काढू शकत होता, अशी ती पुण्याची हवा. आता त्याच शहरातली, त्याच घरांतली एखादी बाई ‘सूपशास्त्र’ उघडून दुसऱ्या जातीच्या, दुसऱ्या प्रांताच्या पदार्थाची कृती वाचत असेल, तर तिला कुणी अडवणार नव्हतं. पदार्थ खाल्ल्याने बाट लागत होता, वाचल्याने नाही. दुसऱ्याच्या हातचं न खाता, त्याच्या ओटीवर पाऊलही न ठेवता, त्याची चव आपल्या चुलीवर आपल्या सोवळ्यात उतरवता येत होती. छापील पाककृतीने साधलेली ही किमया मला त्या काळच्या कित्येक सुधारणांइतकी मोठी वाटते, आणि तिच्याकडे आपण पुरेसं पाहिलेलं नाही.

यावर कुणी म्हणेल की छापील कागदसुद्धा कर्मठांना वर्ज्यच होता. हे खरं आहे. शाईत चरबी असते या शंकेने सनातनी मंडळी छापील पोथीला हात लावत नसत, म्हणून गणपत कृष्णाजींनी आपल्या छापखान्यात तुपाची शाई वापरल्याचं सांगतात. पण ती भीती एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली. पंचांगच छापील मिळू लागल्यावर आणि शाळांतून क्रमिक पुस्तकं घरोघर गेल्यावर तिचा जोर ओसरला. शिवाय पाकपुस्तक सोवळ्यातल्या स्वयंपाकघरात न्यायची गरजच नव्हती. माजघरात दुपारी वाचायचं, ध्यानात ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी चुलीपुढे हाताने आठवायचं. पुस्तक ओट्यावर उघडं ठेवून त्यावर पिठाचे हात पुसत स्वयंपाक करायची चाल फार पुढची, उभ्या ओट्याची आणि गॅसची.

‘गृहिणी-मित्र’ या संदर्भात पाहिलं म्हणजे त्याचं महत्त्व कळतं. लक्ष्मीबाई पाठारे प्रभू समाजातल्या. हा समाज मुंबईत फार जुना, इंग्रज आणि पारशांच्या शेजाराने वाढलेला, मासळी-मटणात रमणारा. त्यांचं भुजणं घ्या. कांदा, कोथिंबीर, मिरची, लसूण, हळद, तेल आणि कोलंबी किंवा मासळी असं सगळं कच्चंच एकत्र कालवायचं, पसरट भांड्यात घालायचं आणि झाकण ठेवून मंद आचेवर शिजू द्यायचं. आधी फोडणी नाही, परतणं नाही. ज्या घरात कुठल्याही कालवणाची सुरुवात मोहरी तडतडण्याने होते, तिथल्या बाईला ही रीत वाचूनही नवल वाटलं असेल. प्रभूंच्या घरी जेवायला जाण्याचा योग पुण्या-साताऱ्याच्या कोणत्या गृहिणीला येणार होता? आणि आला असता तरी तिने पंगतीत बसायचं की नाही, हा प्रश्न होताच. पुस्तकाने तो प्रश्न बाजूला सारला. दुसरी गोष्ट अशी की गुप्ते पुरुष होते, लक्ष्मीबाई स्वतः रांधणाऱ्या बाई. चुलीपुढची बाई चुलीपुढच्या बाईला सांगते आहे हे नातं पुस्तकाला इथे मिळालं. अर्जुन अप्पादुराई यांनी १९८८ च्या त्यांच्या गाजलेल्या निबंधात, शहरी मध्यमवर्गीय बायकांच्या पाकपुस्तकांनी स्वतंत्र भारतात एक राष्ट्रीय पाकपरंपरा घडवत आणली, असं मांडलं. निबंध फार चांगला आहे. पण त्याचा भर इंग्रजी पुस्तकांवर आहे आणि काळ विसाव्या शतकाच्या उत्तरार्धाचा. परक्या घरच्या चवी एकाच बांधणीत आणण्याचं काम मराठीत त्याच्या पुष्कळ आधी, तेही वातानुकूलित हॉटेलं नसताना सुरू झालं होतं.

मात्र किती बायकांना वाचता येत होतं, हा आक्षेप टाळता येणार नाही. १९११ च्या जनगणनेत देशभरात शंभरातली जेमतेम एक बाई साक्षर होती. म्हणजे ‘गृहिणी-मित्र’ची वाचक मूठभर, मुंबई-पुण्या-बडोद्याकडची, बहुतेक करून वरच्या जातीची. हे मान्यच केलं पाहिजे. पण पाककृतीचं असं आहे की एकीने वाचली की दहाजणी ऐकतात. वाचता येणारी सून दुपारच्या वेळी मोठ्याने वाचून दाखवी, आणि न वाचता येणाऱ्या सासूला त्यातलं बरोबर काय, चूक काय ते लगेच कळे. पुस्तकाने पसरवलेले पदार्थ पुस्तकाच्या खपापेक्षा फार दूर गेले, कारण घराघरांतली देवघेव आधीपासून चालू होती आणि पुस्तक त्या देवघेवीत नवा माल आणून टाकत होतं.

या इतिहासातलं दुसरं मोठं वळण म्हणजे १९७० मध्ये किर्लोस्करांनी काढलेलं कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’. ‘एक लाख सुनांची सासू’ ही त्याची जाहिरात पुस्तकाइतकीच प्रसिद्ध आहे, आणि माझ्या मुद्द्याला ती अडचणीची वाटेल. पाहा, हे पुस्तक घरातल्या वडीलधाऱ्या बाईच्याच जागी आलं, असं म्हणता येईल. पण जाहिरातीत सासू म्हटलं आहे, आई नाही. ज्यांनी ते वाक्य रचलं त्यांना स्वयंपाक कुठे शिकला जातो हे पक्कं ठाऊक होतं. ‘रुचिरा’चं खरं यश मापात आहे, असं मला वाटतं. त्यासाठी थोडं मागे जायला हवं. भारतात दशमान वजनं १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि १९६२ पर्यंत सक्तीची झाली. त्याआधी बाजारात शेर, अच्छेर, पावशेर, नवटाक, छटाक, आणि धान्यासाठी पायली, चिपटं, मापटं असा सगळा संसार होता, तोही गावोगाव थोडा थोडा वेगळा. १९७० मध्ये तिशीच्या बाईचं डोकं शेर-छटाकात घडलेलं, वाण्याची पुडी मात्र ग्रॅममधली आणि घरात तराजू नाही. जुनी पुस्तकं तिला जुन्या वजनात सांगत, नवी ग्रॅममध्ये, आणि दोन्ही वेळा तिला मनात गणित करावं लागे. कमलाबाईंनी हा पेच वाटी-चमच्याने सोडवला. वाटी प्रत्येकीच्या घरात होती. ती लहान की मोठी याने फारसं बिघडत नव्हतं, कारण सगळं त्याच वाटीने मोजायचं.

हे किती अचूक होतं ते एखादा पदार्थ जवळून पाहिला की समजतं. शंकरपाळ्यांचं सर्वांना पाठ असलेलं प्रमाण घ्या : वाटीभर दूध, वाटीभर साखर, वाटीभर तूप आणि त्यात मावेल तेवढा मैदा. चार जिनसांपैकी तिघांचं परस्परांशी असलेलं नातं सांगितलं आणि चौथ्याचा निर्णय हातावर सोपवला. मैद्याचा सुकेपणा घरोघरी वेगळा, दमट हवेत वेगळा, म्हणून तिथे आकडा द्यायचाच नाही, यात मोठं शहाणपण आहे. चकलीच्या भाजणीत चार वाट्या तांदळाला दोन हरभराडाळ आणि एक उडीद, उकडीच्या मोदकाला जितकी पिठी तितकं पाणी, हीदेखील तीच रीत. मापं बायकांच्या तोंडी आधीपासून होती ती या गुणोत्तरांच्या रूपात. ‘रुचिरा’ने तोंडची रीत कागदावर आणली आणि संपूर्ण पुस्तकभर निष्ठेने पाळली. त्यामुळे सांगलीची वाचक असो, इंदूरची असो की परदेशात संसार थाटलेली असो, तिला ते आपल्या घरात बसून कुणी सांगावं तसं वाटलं. याच सुमाराला आलेल्या मंगला बर्वे यांच्या ‘अन्नपूर्णा’नेही अनेक घरांत अशीच जागा मिळवली.

इथे सगळ्यात जुना आक्षेप येतो : चव हाताला असते, पुस्तकात नसते. अनारशाचं उदाहरण हमखास दिलं जातं. तांदूळ तीन दिवस भिजवा, रोज पाणी बदला, सावलीत वाळवा, थोडे ओलसर असतानाच कुटा, साखर किंवा गूळ घालून गोळे मुरवा. सगळं पुस्तकाबरहुकूम केलं तरी तुपात सोडल्यावर अनारसा हसला, म्हणजे विरघळून पसरला, तर पुस्तक तिथे काही करू शकत नाही. तांदूळ किती ओला असताना कुटायचा हे बोटांनीच कळतं. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. पण त्याने पुस्तकाचं काम कमी होत नाही, फक्त ते नेमकं कोणतं आहे ते स्पष्ट होतं. जुन्या पाककृतींत ‘नेहमीप्रमाणे फोडणी करावी’, ‘बेताचं मीठ घालावं’ अशा धाटणीची सांगणी असते, कारण वाचणारीला स्वयंपाक येतो हे त्यात धरलेलंच आहे. शिकवायचं काम दुसरं कुणी करून ठेवलेलं आहे. शेजारीण जशी जिन्यात उभ्याउभ्या पदार्थ सांगते आणि उरलेलं तुमच्या हातावर सोडते, तेवढंच पुस्तक करतं.

आता या युक्तिवादाची सर्वांत कठीण बाजू. पुस्तकाने भिंती ओलांडल्या हे खरं, पण सगळ्या ओलांडल्या नाहीत. हजार पाकक्रियांच्या त्या परंपरेत कोकणस्थ, देशस्थ, प्रभू, सारस्वत आले, गुजराती-पंजाबी-मद्रासी आले, विलायती केक-पुडिंग आलं. गावकुसाबाहेरची चूल मात्र आली नाही. अनंत हरि गद्रे झुणका-भाकर सत्यनारायणाच्या पूजा घालून अस्पृश्य मानलेल्यांना मान देत होते, एका पंक्तीला बसवत होते, तेव्हाही पाकपुस्तकांना त्या घरांत काय शिजतं हे विचारावंसं वाटलं नाही. २००९ मध्ये पुणे विद्यापीठाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्राने दलितांच्या अन्नाचा इतिहास आणि आठवणी यांवर पुस्तिका काढली. २०१५ मध्ये शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ आलं. मराठवाड्यातल्या महार-मांग समाजांचं जेवण, वाळवून ठेवलेल्या मांसाच्या चान्या, रक्त-आतड्यांचे पदार्थ, तेला-तुपाच्या टंचाईत घडलेल्या चवी त्यांनी कृतींसह लिहिल्या. आपल्याकडच्या पाकपुस्तकांतलं मला हे सर्वांत महत्त्वाचं पुस्तक वाटतं. ‘सूपशास्त्रा’नंतर १४० वर्षांनी ते यावं लागलं, यातूनच मराठी गृहिणीने शेजार कुठवर मानला होता ते समजतं. ज्या घराशी भांड्यांची देवघेव नव्हती, त्या घराची पाककृती कागदावरूनही मागवली गेली नाही. विटाळ कागदाला नव्हता, पण काय छापायचं ते निवडणाऱ्या मनात होता.

१९७३ पासून ‘कालनिर्णय’ घरोघरी लागलं आणि पानामागे पाककृती येऊ लागल्या. पुस्तक विकत न घेणाऱ्या घरातही त्यामुळे दरमहा एक परकी चव भिंतीवर टांगलेली असे. महिना संपला की ते पान फाडून ठेवायचं की टाकायचं हे प्रत्येकीने ठरवायचं. ‘स्त्री’सारख्या मासिकांतली आणि दिवाळी अंकांतली कात्रणं, दूरचित्रवाणीवरून घाईघाईने टिपलेल्या ओळी, आणि आता फोनवरचे व्हिडिओ, ही सगळी एकाच वाटेवरची मुक्कामाची ठिकाणं आहेत. व्हिडिओत हात दिसतो, पिठाचा पोत दिसतो, हे पुस्तकाला कधी जमलं नव्हतं. पण शोधणारी बाई आजही बहुतेक वेळा आपल्या घरी न होणारंच काहीतरी शोधत असते.

जुनी पाकपुस्तकं जमवणाऱ्यांना एक अडचण कायम येते. ही पुस्तकं वापरून संपतात. हळद-तेलाने पानं चिकटतात, बांधणी सुटते आणि शेवटी ती रद्दीत जातात. ग्रंथालयांनीही कादंबऱ्या आणि चरित्रं जेवढ्या निगुतीने ठेवली तेवढी ही ठेवली नाहीत. शं. ग. दाते यांची १८०० ते १९३७ पर्यंतची मराठी ग्रंथसूची हाताशी नसेल तर जुन्या पुस्तकांचा माग काढणं फार जड जातं. पण छापील पुस्तकाची कुठेतरी नोंद तरी राहते. घरोघरच्या हाताने लिहिलेल्या वह्यांची तीही नाही. हिशेबाच्या जुन्या वहीच्या उरलेल्या पानांवर, मुलांच्या चौरेघी वहीत, कधी जुन्या डायरीत उतरवलेल्या या पाककृती माझ्या म्हणण्याचा सर्वांत भक्कम पुरावा आहेत. त्यांत आईची आमटी क्वचित सापडते, कारण ती लिहायची गरज नसते. सापडतात ती ‘वरच्या मजल्यावरच्या काकूंची भाजणी’, ‘कारवारच्या वहिनींची कढी’, ‘डॉक्टरीणबाईंचा बिनअंड्याचा केक’ अशी शीर्षकं. कोणती चव कुठल्या वर्षी कोणत्या घरातून कोणत्या घरात गेली, कुठे थांबली, याचा नकाशा त्या वह्यांत आहे. दादरच्या आणि ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयांनी, विद्यापीठांच्या स्त्री अभ्यास केंद्रांनी त्या मागून घ्याव्यात, गाव-जात-साल यांच्या नोंदीसह ठेवाव्यात आणि त्यांची छायाचित्रं करावीत. १९५०-६० च्या दशकांत त्या लिहिणाऱ्या बायका आता थकल्या आहेत, पण पानावरचं काकूंचं नाव कुणाचं, त्या कुठल्या, हे सांगू शकतील अशा काहीजणी अजून आहेत.